वेगळ्या वंशाचं पात्र लिहिताना : ‘मूळची कुठली?’ इथून सुरुवात

दहाएक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. नायिका दादरच्या पार्लरमध्ये काम करणारी ‘ईशान्येकडची’ मुलगी, नाव मेरी. बरेच फोन आले, एका काकांनी तर डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगितलं. त्याच सुमारास आमच्या वाकोल्याच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या एका मुलीशी ओळख झाली होती. ती मूळची मिझोराममधल्या आयझॉलची, एअरपोर्टजवळच्या हॉटेलात रिसेप्शनवर काम करणारी. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्या कौतुकाने तिला ती कथा हिंदीत सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं, चहा संपवला आणि एवढंच विचारलं, “इसकी मम्मी कहाँ है?”

मेरीला आई नव्हती. म्हणजे वारलेली नव्हती, मी तिला आई दिलीच नव्हती. बाप, भावंडं, गाव, शाळा, उधारी, काहीच नव्हतं. तिच्याकडे फक्त बारीक डोळे होते आणि दुःख होतं. त्याच कथेतल्या पार्लरच्या मालकीणबाईंना मात्र सासू होती, चिपळूणजवळचं गाव होतं, गुडघेदुखी होती आणि बचत गटाचा थकलेला हप्ताही होता.

त्या प्रश्नानंतर मी जे शिकले, ते इथे क्रमाने मांडते. कथा, कादंबरी, नाटक, मालिका, काहीही लिहीत असाल आणि त्यात नायजेरियन शेजारी, मिझो नर्स, सिद्दी सरदार किंवा माझगावचे चिनी दंतवैद्य येणार असतील, तर यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी जुना वाद मिटवून घेऊ

‘दुसऱ्याचं आपण लिहावंच का?’ हा प्रश्न कुणी परदेशातून आणून आपल्यावर लादलेला नाही. सहानुभूती की स्वानुभूती, या नावाने तो मराठीत दलित साहित्याच्या चळवळीपासून गाजतो आहे. वस्तीबाहेरच्या लेखकाने वस्तीबद्दल कळवळून लिहिलं की तिथली माणसं त्याच्या कथेत कायम दीनवाणी का दिसतात, असं त्या चळवळीने रोखठोक विचारलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. वंश आणि जात एक नव्हेत. पण लेखणी ज्याच्या हातात आहे त्याची नजर कुठून पाहते, हा प्रश्न दोन्हीकडे तोच येतो, आणि मराठी लेखकाला तो नवा वाटण्याचं कारण नाही.

माझं मत असं की लिहावं. मुंबईची कथा लिहायची आणि तिच्यात फक्त आपल्यासारखी माणसं ठेवायची, तर ती मुंबई उरत नाही. फक्त मेहनत दुप्पट घ्यावी लागते, आणि ती कुठे घ्यायची ते ठाऊक असावं लागतं.

पायरी १ : त्याला काय हवंय आणि आडवं काय येतंय

पात्राचं नाव कागदावर लिहा. खाली दोन ओळी लिहा : याला काय हवंय? आणि ते मिळण्यात आडवं काय येतंय?

मग त्याच्या जागी सोलापूरचा कुलकर्णी बसवून पाहा. जे हवंय ते कुलकर्ण्यालाही हवं असू शकतं : खोली, बढती, प्रेम, आईच्या ऑपरेशनचे पैसे. तसं असेल तर उत्तम, तुमचं पात्र माणूस आहे. आता दुसरी ओळ पाहा. आडवं येणारंही कुलकर्ण्याच्या बाबतीत तेच असेल, तर तुम्ही त्या माणसाच्या मुंबईचा विचारच केलेला नाही. कुलकर्ण्याला एजंट डिपॉझिट सांगतो. घानाहून आलेल्या विद्यार्थ्याला तोच एजंट “सोसायटीत चालत नाही” एवढंच सांगतो, कोण चालत नाही तेही सांगत नाही.

आणि पहिलीच ओळ रिकामी राहिली तर? तर ते पात्र सजावटीला आणलेलं आहे. काढून टाका. मी मेरीच्या बाबतीत ही ओळ लिहायला बसले तेव्हा अर्धा तास पेन हातात धरून होते.

पायरी २ : आपल्या शब्दांची झडती

कोऱ्या कागदावर त्या माणसाच्या वर्णनासाठी मनात येणारे सगळे शब्द न गाळता उतरवा. कुणाला दाखवायचे नाहीत, त्यामुळे लाजू नका. काळाकभिन्न, राकट, जाड ओठ, धिप्पाड, चपटं नाक, नकटी, बाहुलीसारखी, पांढरेशुभ्र दात. माझ्या कागदावर हे सगळे होते.

मग प्रत्येक शब्दापुढे लिहा की तो तुम्हाला आधी कुठे भेटला. ‘काळाकभिन्न’ मला लहानपणीच्या गोष्टींतल्या दरोडेखोरांकडून मिळाला होता. मराठीत काळ्या रंगाच्या छटा भरपूर आहेत आणि प्रत्येकीला आपली बाजू आहे. केस-डोळे ‘काळेभोर’ असतात, ती स्तुती. रात्र ‘काळीकुट्ट’, ती भीती. विठ्ठल ‘सावळा’, ती माया. आणि लग्नाच्या जाहिरातीत ‘निमगोरी’, ती तडजोड. एका लोकप्रिय क्रीमने २०२० साली नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं, तेवढ्याने आपल्या जिभेवरची छटा बदललेली नाही. म्हणून शब्द निवडताना तो कुठल्या बाजूने बोलतो ते आधी पाहावं लागतं.

‘हबशी’ हा शब्द मुळात हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया, तिथला माणूस अशा अर्थाचा. बखरीत तो चालतो. आजच्या नालासोपाऱ्यातल्या नायजेरियन माणसाला निवेदकाने ‘हबशी’ म्हणणं म्हणजे त्याचा देशही चुकवणं आणि मानही.

पायरी ३ : मूळचे कुठले?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. मी महिने दिले आहेत.

मराठी माणसाशी ओळख झाली की आपण पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, “मूळचे कुठले?” ‘कोकणातले’ म्हटल्यावर आपलं समाधान होत नाही. रत्नागिरी की सिंधुदुर्ग, तालुका कुठला, गावात कुणाकडचे, इथवर गेल्याशिवाय आपण थांबत नाही. हीच माणसं ‘आफ्रिकेतला’ या उत्तरावर मात्र खूश होतात! आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत. एकट्या नायजेरियात शेकडो भाषा आहेत, आणि योरुबा, इग्बो, हौसा ही त्यांतली फक्त मोठी नावं. तुमचं पात्र नायजेरियन असेल तर यांपैकी कोण, शहरातलं की खेड्यातलं, ख्रिस्ती की मुसलमान, हे ठरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका. वर्तमानपत्रांच्या पानात तर ‘नायजेरियन’ हा शब्द युगांडा, कॅमेरून, घाना सगळ्यांवर सरसकट चिकटवलेला असतो. कथेत तरी ते टाळता येतं.

तालुक्यापर्यंत गेलात की नाव आपोआप सापडतं, आणि नावात अर्धी कथा असते. योरुबा घरात आजोबा गेल्यानंतर मुलगा जन्मला तर त्याचं नाव बाबाटुंडे ठेवतात : बाबा परत आले. हो, योरुबातही बाबा म्हणजे बापच. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं, कोफी म्हणजे शुक्रवारचा, क्वामे शनिवारचा. आपल्याकडे डहाणू-जव्हारच्या पाड्यांवर बुध्या आणि शुक्र्या भेटतातच. अशा ठिकाणी पात्र आणि वाचक यांच्यात नातं जुळतं, आणि त्यासाठी पात्राचं वेगळेपण पुसावं लागत नाही.

ईशान्येचंही तसंच. ‘ईशान्य’ हे कुणाचंच गाव नाही, सिक्कीम धरून ती आठ राज्यं आहेत. माझ्या मेरीचं काय चुकलं होतं पाहा. मिझो बायकांची नावं बहुधा ‘ई’कारान्त असतात, पुरुषांची ‘आ’कारान्त. आडनाव लावायची तिथे मुळात रीत नाही, त्यामुळे मुंबईतल्या प्रत्येक फॉर्मवर ‘आडनाव’ या चौकटीपाशी मिझो माणूस अडतो. या एका चौकटीवर विनोदी प्रसंग उभा राहू शकतो, आणि त्यात हसू चौकटीचं होतं, माणसाचं नव्हे. खासी मुलगी लिहिणार असाल तर घराण्याचं नाव आईकडून येतं आणि वडिलोपार्जित घर बहुतेक वेळा धाकट्या मुलीकडे जातं. ‘बापाच्या घरी परतली’ हे आपलं सहजवाक्य तिथे खोटं पडेल. मणिपूरचं पात्र असेल तर नुसतं ‘मणिपुरी’ लिहून सुटता येणार नाही. मैतेई, कुकी की नागा? मे २०२३ पासून तिथे मैतेई आणि कुकी यांच्यात जो हिंसाचार झाला, त्यानंतर हा प्रश्न टाळणं म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट टाळणं.

कालमानही विसरू नका. नायजेरियातल्या लागोसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. आयझॉलचं घड्याळ आपल्याइतकंच, पण तिथे सूर्य मुंबईपेक्षा तासाभराहून जास्त आधी मावळतो. म्हणजे मुंबईत रात्री नऊ वाजता ड्युटीवरून सुटलेली मुलगी घरी फोन लावते तेव्हा आईला कधीचा अंधार झालेला असतो. अशी एखादी बारीक गोष्ट पानभर ‘घरची ओढ’ लिहिण्यापेक्षा जास्त काम करते.

पायरी ४ : मुंबईत ती माणसं जगतात कशी

परदेशी पात्र असेल तर व्हिसा कसला आहे ते ठरवा : विद्यार्थी, व्यापारी, उपचारासाठी आलेला रुग्ण. पूर्व आफ्रिकेतून कपडे खरेदीला येणारे व्यापारी क्रॉफर्ड मार्केट-मशीद बंदरच्या बाजूला दिसतात. आईला किंवा मुलाला घेऊन मोठ्या हॉस्पिटलजवळच्या लॉजमध्ये महिना-दीड महिना काढणारी कुटुंबं असतात. यांच्यावर मराठीत कथा का नसाव्यात, मला कळत नाही. त्या लॉजच्या जिन्यावर एक अख्खी कादंबरी बसलेली असते.

कागदपत्रांत नाट्य असतं. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाला त्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते, एजंट लोक त्याला ‘फॉर्म सी’ म्हणत आले आहेत. ती कटकट नको म्हणून नकार देणारा मालक आणि रंगामुळे नकार देणारा मालक तोंडाने एकच वाक्य बोलतात. पात्राला कळत नाही की आपल्याला नक्की कशासाठी नाकारलं. ही अनिश्चितताच त्याचं रोजचं जगणं आहे, उघड अपमानापेक्षा ती लिहायला अवघडही आहे आणि खरीही. पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्याला लसीचं पिवळं कार्ड जवळ ठेवावं लागतं. ते कार्ड पासपोर्टमध्ये जपून ठेवणारा हात तुमच्या कथेत दिसू द्या.

मिझो किंवा नागा पात्र मात्र परदेशी नाही, आणि ‘तू कुठल्या देशाची?’ हा प्रश्न त्याला लोकलमध्ये रोज ऐकावा लागतो. उलट आपण मिझोरामला निघालो तर परवाना आपल्याला काढावा लागतो. एखाद्या मराठी पात्राला त्या परवान्याच्या रांगेत उभं करून पाहा.

पायरी ५ : दिसणं

नियम एकच ठेवा : रंग सांगायचा तर सगळ्यांचा सांगा, नाहीतर कुणाचाच नको. मराठी कथेत देशपांडे सर ‘आत आले’ असतात आणि केनियाचा मुलगा ‘तो काळा मुलगा आत आला’ असतो. देशपांड्यांना रंग नाही काय? आहे की, गव्हाळ, टकलावर चकाकणारा.

खाण्याच्या उपमा नकोत. चॉकलेट, कॉफी, जांभूळ सगळं ताटात राहू द्या.

स्थिर फोटोसारखं वर्णन न करता हालचालीतून दाखवा. माझ्या एका जुन्या खर्ड्यातलं वाक्य : ‘तिचे कुरळे केस एखाद्या झुडपासारखे डोक्यावर माजले होते.’ नंतर मी ते असं केलं : ‘शनिवारी तिने मैत्रिणीकडून वेण्या घालून घेतल्या होत्या, चार तास मान अवघडली होती, आणि आता डब्यातली शेजारीण न विचारता एक वेणी बोटांत धरून पाहत होती.’ दुसऱ्या वाक्यात केस आहेत, कष्ट आहेत, मैत्रीण आहे, मुंबई आहे, आणि नजर कुणाची आगाऊ आहे तेही आहे.

पायरी ६ : तो, ते आणि आपण

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक वेगळा सापळा आहे, कारण आपलं व्याकरणच मान मोजतं. कुठल्याही जुन्या कथेचं पान काढा. डॉक्टर ‘आले’, वकीलसाहेब ‘म्हणाले’, आणि साठीचा नेपाळी वॉचमन ‘आला’, ‘म्हणाला’. त्याचं नावही बहुधा ‘बहादूर’च असतं. लेखकाने काही अपमानास्पद लिहिलेलं नसतं, तो नुसता क्रियापदातून बोलून जातो. म्हणून खर्डा पूर्ण झाल्यावर फक्त क्रियापदांसाठी एक वाचन करा. वय आणि नातं सारखं असताना एकाला ‘ते’ आणि दुसऱ्याला ‘तो’ का, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. योरुबात आपल्यासारखंच तू आणि तुम्ही वेगळं आहे, मोठ्यांना एकेरी हाक मारणं तिथेही उद्धटपणा मानतात. अशा साठीच्या गृहस्थांना आमच्या सोसायटीतला कालचा पोरगा ‘ए’ म्हणतो तेव्हा, मराठीचा गंध नसतानाही, सूर त्यांना बरोबर कळतो. ते तुमच्या कथेत येऊ शकतं, फक्त निवेदनाने त्या पोराच्या बाजूला उभं राहू नये.

त्याहून चोरटा शब्द म्हणजे ‘आपण’. ‘आपल्याकडे असं चालत नाही’, ‘आपल्या जेवणासारखं’, ‘आपल्या बायका’. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, आणि ‘आपण’ म्हणताना समोरच्याला आत घेतलेलं असतं. निवेदक ‘आपण’ म्हणतो तेव्हा तो वाचकाला हाताला धरून एका बाजूला बसवतो आणि पात्राला दुसऱ्या बाजूला उभं करतो. खर्ड्यातला प्रत्येक ‘आपण’ शोधा आणि विचारा, यात माझं पात्र बसतं का? (या लेखातही मी बरेच ‘आपण’ लिहिले आहेत. ते मुद्दाम मराठी वाचकासाठीच आहेत, पण कथेत इतके चालले नसते.)

संवादांचं काय? मोडकं मराठी लिहिणं फार सोपं आणि फार चटकन हशा देणारं असतं, म्हणूनच सांभाळून. आधी वास्तव पाहा. मुंबईत या माणसांशी आपण मराठीत बोलतच नाही, बंबैया हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतो. आणि लागोसमध्ये शिकलेल्या माणसाचं इंग्रजी बहुधा आपल्या नायकापेक्षा सफाईदार असतं. मग अडखळायचं कुणी? मी पाळते तो संकेत असा : पात्र ज्या भाषेत घरच्यासारखं बोलतं, ते संवाद स्वच्छ, वळणदार मराठीत लिहायचे. आईशी मिझोत चाललेला फोन म्हणजे अस्सल मराठी, टोमण्यांसकट. अडखळणं दाखवायचं ते ज्याला भाषा परकी आहे त्याचं, मग तो मराठी सेक्रेटरी का असेना. एका कथेत मी सेक्रेटरीकाकांचं इंग्रजी जसंच्या तसं तुटकं लिहिलं आणि भाडेकरूचं सरळ. संपादकांनी फोन करून विचारलं, उलट झालंय का म्हणून!

त्यांच्या भाषेतले शब्द पेरायचे तर मोजके, आणि संदर्भातून अर्थ लागेल असे. दर वाक्याला एक परका शब्द म्हणजे मसाला.

पायरी ७ : शिवी कुणाच्या तोंडी

‘चिंकी’, ‘कालू’ हे शब्द मुंबईत ऐकू येतात, तर कथेत येणारच. पात्राच्या तोंडी येऊ द्या, निवेदनात कधीही नको, आणि आले तर त्याचा परिणाम ज्याच्यावर होतो त्याच्या बाजूने दाखवा. ईशान्येतल्या अनुसूचित जमातींच्या माणसाला ‘चिंकी’ म्हटलं तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, असं केंद्रीय गृहखात्याने २०१२ सालीच राज्यांना कळवलं होतं. दिल्लीत २०१४ साली अरुणाचलच्या निडो तानियाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. भांडणाची सुरुवात त्याच्या केसांवरून केलेल्या थट्टेतून झाली होती. २०२० मध्ये याच चेहऱ्यांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. ‘नुसती गंमत’ म्हणून शब्द वापरणारं पात्र जरूर लिहा, पण लेखकाला हे ठाऊक असू द्या.

पायरी ८ : देव नको, दैत्य नको

अमली पदार्थ विकणारा नायजेरियन लिहू नये का? लिहा, तसे गुन्हे घडतात आणि बातम्याही येतात. पण तुमच्या अख्ख्या कादंबरीत तो एकटाच आफ्रिकन असेल तर तुम्ही बातमीच पुन्हा लिहिली. त्याच इमारतीत त्याच्यामुळे पोलिसांना रोज कागद दाखवावे लागणारा, त्याच्यावर चिडलेला दुसरा कुणी असू द्या.

उलटी चूक जास्त गोड आणि म्हणून जास्त पसरलेली. परकं पात्र सोशिक, शहाणं, नायकाला जगण्याचा अर्थ शिकवणारं असतं आणि शेवटी मरतं किंवा निघून जातं. नाहीतर मराठी नायक त्याला वाचवतो आणि सोसायटी टाळ्या वाजवते. माझी मेरी यातलीच होती. त्यापेक्षा पात्राला कंजूष, चहाटळ, आळशी, क्रिकेटवर बडबड करणारं, स्वतःच्याच माणसांबद्दल पूर्वग्रह असलेलं होऊ द्या. चूक करायची मुभा मिळाली की पात्र उभं राहतं.

पायरी ९ : ऐतिहासिक लिहिणाऱ्यांसाठी

मराठी वाचकाला आफ्रिकी वंशाचा माणूस पहिल्यांदा भेटतो तो पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर म्हणून, १६६० सालचा, किंवा जंजिऱ्याचा सिद्दी म्हणून. दोन्ही शत्रू. त्यामुळे ऐतिहासिक कादंबरीत सिद्दी आला की तो आपोआप क्रूर, कपटी, काळाकभिन्न होतो. पण त्याच पन्हाळ्याच्या प्रसंगात सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने लढत होते. आणि त्यांच्याही आधी मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेले, गुलाम म्हणून विकले गेलेले, पुढे निजामशाहीचा कारभार चालवणारे. १६१० च्या सुमारास त्यांनी खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली वारेपर्यंत मोगलांना त्यांनी दख्खनेत सुखाने बसू दिलं नाही. गनिमी काव्याचं नाव काढताना त्यांचं नाव येतंच.

जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत होतं. आजचे सिद्दी उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळ भागात, गीरजवळ जांबूरला, हैदराबादेत आहेत. उत्तर कन्नडचे सिद्दी कोकणी आणि कन्नड बोलतात, त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत, आणि २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. म्हणजे मुंबईत कामाला आलेला तिथला सिद्दी तरुण तुमच्या मालवणी नायकाशी कोकणीत बोलू शकतो, आणि तरी स्टेशनबाहेर त्याला पासपोर्ट विचारला जातो. हा प्रसंग मी अजून लिहिलेला नाही. कुणाला हवा तर घ्या.

पायरी १० : छापायला जाताना

ही पायरी खरं तर शेवटची, पण नेहमी राहून जाते म्हणून आधीच सांगते. चित्र पाहायला मागा. तुम्ही कितीही जपून लिहिलंत तरी अंकाचा चित्रकार घाईत नेहमीचे जाड ओठ नाहीतर डोळ्यांच्या जागी दोन रेघा काढून मोकळा होतो, आणि वाचक आधी चित्र पाहतो. मी एकदा चित्र परत पाठवलं. संपादक वैतागले, चित्रकाराने मात्र शांतपणे नवीन काढून दिलं. बदलायचं कारण त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

नावांची एक यादी मुद्रितशोधकाला वेगळी द्या. द की ड, त की ट, हे त्या नावाच्या माणसाला उच्चारायला सांगून ठरवा, इंग्रजी स्पेलिंगवरून नव्हे. आणि परक्या नावांचं सामान्यरूप करू नका, ‘जोसेफाला’ नको, ‘जोसेफला’ पुरे.

पायरी ११ : ज्याचं आहे त्याला ऐकवा

अडचण उघड आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं ती माणसं मराठी वाचत नाहीत. म्हणून अनेकजण हा टप्पा सोडूनच देतात. मी बसून सांगते. कथा हिंदीत किंवा इंग्रजीत सांगायची, महत्त्वाची वाक्यं अर्थासकट, आणि वर्णनं अजिबात न गाळता. त्यातला एक फायदा मला फार उशिरा कळला : जे वाक्य समोरच्याच्या तोंडावर बोलायला जीभ धजत नाही, ते वाक्य चुकीचं असतं. ‘बाहुलीसारखी’ मी तिथेच गिळला होता.

शक्यतो दोघांना ऐकवा, एकाच माणसाला अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी करू नका. वेळेचे पैसे द्या, निदान विचारा तरी. “आवडली का?” हा प्रश्न नको, समोरची व्यक्ती सभ्यपणे हो म्हणेल. “कुठे हसू आलं? कुठे खोटं वाटलं? हिच्या जागी तू असतीस तर इथे काय केलं असतंस?” असं विचारा. उत्तर आलं की वाद घालू नका, लिहून घ्या. माहिती काढताना दुःखाच्या मागे लागू नका. कामाबद्दल, पैशांबद्दल, स्वयंपाकाबद्दल विचारा. माणसं त्यातून स्वतःच हवं तिथपर्यंत नेतात.

मेरीची कथा मी तीन वर्षांनी पुन्हा लिहिली. ती आता आयझॉलची आहे, नाव लालरिनपुई, पार्लरमध्ये सगळे रिनी म्हणतात, आणि बँकेच्या फॉर्मवर तिचं आडनाव ‘लाल’ होऊन बसलं आहे. तिला आई दिली. रात्री नऊला फोन होतो. आई म्हणते, “बाळा, जेवलीस का? तब्येत सांभाळ गं.” हा भाग लिहिताना मला स्वतःलाच भरून आलं होतं.

वाकोल्याच्या त्याच खोलीत त्याच मैत्रिणीला तो भाग सांगितला. ती हसायला लागली. म्हणाली, जेवणाचं नंतर. आई आधी विचारते, रविवारी चर्चला गेलीस का.

“पण रविवारी तर तुझी ड्युटी असते,” मी म्हणाले.

“हां.”

“मग काय सांगतेस?”

तिने दाराकडे पाहिलं, जणू आई जिन्यावर उभी आहे. “बोलती हूँ, मोबाइल पे देखा.”

मी वही उघडली.